वारा फिरला त्या दिवशी

१२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोजचं थोडं लिहून ठेवत जा. हे काय विसरले, चिडले का, झोप कशी. पुढच्या वेळी येताना घेऊन या. ते मी फोनमध्ये इंग्रजीत लिहीन. ही वही माझी. हिच्यात मराठी, कारण हे तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात, मराठी नुसती बोलतात. तंजावरला बाबांनी मला जबरदस्तीनं बाळबोध अक्षर गिरवायला लावलं म्हणून मला लिहिता येतं. ह्यांच्या घरी तसं कुणी लावणारं नव्हतं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना सांगायच्या, डायरीत आधी हवामान लिहायचं, मग खरं काय ते. आज हवा कोरडी, सकाळी थोडं धुकं. खरं असं, की डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव उच्चारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पितळी घंटेकडे बघत होते आणि हे खिडकीबाहेर. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "तो अशोक पाहिलास? शेंडा हलत होता. दक्षिणेचा वारा सुरू झाला."

गाडीपाशी आल्यावर किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. गाडी चालवायची नाही असं त्यांना सांगितलं होतं. तांबरमपर्यंत मी चालवली, हे शेजारी हात मांडीवर ठेवून बसले, शाळेच्या बसमधल्या मुलासारखे. क्रॉसिंगपाशी एकदम म्हणाले, "भवानी, तिनें गाडी नको म्हटलें. उडूं नको म्हटलें नाहीं."

"तिला कुठें ठाऊक आहे तुम्ही उडतां तें!"

"मग बरेंच झालें."

दोघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो. हसता हसता त्यांनी विचारलं, मार्चातली उडायची स्पर्धा करूं ना, एकदाच, शेवटचें. मी "सरि" म्हणून बसले. आता कबूल केलंय.

१८ फेब्रुवारी, रविवार

ढगाळ. संध्याकाळी समुद्राकडून गार वारा.

शार्दूल आला होता. हा पुण्याकडचा मुलगा, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि शनिवार-रविवार ह्यांच्याबरोबर उडायला टेकडीवर. यंदाची स्पर्धा त्याच्याच अंगावर आहे. चेन्नईत मला 'काकू' म्हणणारा हा एकच माणूस. बाकी सगळ्यांची मी 'आंटी' नाहीतर 'मामी'. त्याला आमची मराठी ऐकायची फार हौस.

"राव सर, जेवलांत का म्हणा ना परत."

"कशास?"

"अहो, हे 'कशास' ऐकलं की वाटतं आता तुम्ही तलवार काढणार."

"तलवार नाहीं, काफी काढतें," मी म्हटलं, "बैस."

ह्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. कोणत्या खडकापाशी धावत सुटायचं, वारा उतारावरून वर कसा चढतो, नवख्यांना कुठं उभं करायचं. एकदाही अडखळले नाहीत. मला वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत. मग शार्दूल निघाला आणि ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुझें नांव काय म्हणालास?"

तो म्हणाला, "शार्दूल, सर," आणि लगेच माझ्याकडे बघितलं. मी कप उचलायला लागले.

त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तो ह्यांना उडू देणार नाही. नियमच तसा आहे.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ऊन कडक.

सौम्याचा बंगळूरहून फोन. आमची एकुलती एक. तिला मराठी कळते, पण भांडताना ती सगळ्या भाषा एकत्र करते. "अम्मा, आर यू मॅड? अप्पा उद्या दूध आणायला जाऊन रस्ता चुकतील आणि तू त्यांना डोंगरावरून खाली ढकलतेस?"

"ढकलत नाहीं. ते स्वतः धांवतात."

"जोक नको. पोदुम आता, पुरे. त्यांना नाही म्हण."

नाही कसं म्हणू, हे तिला सांगता आलं नाही. इथं लिहिते. ह्या माणसानं वायुदलात उभा जन्म दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करण्यात घालवला. तांबरमच्या तळावर विमान उडालं की हे खाली उभे राहून मान वर. मग ऐंशीच्या दशकात कुठून तरी तो पंख आला, हँग ग्लायडर. अॅल्युमिनियमच्या नळ्या, वर ताणलेलं कापड, खाली एक तिकोनी दांडी. माणसानं पट्ट्यांचा झगा अंगात घालायचा, पाठीवरची लोखंडी कडी पंखाच्या मधल्या पट्ट्यात अडकवायची, आणि टेकडीच्या कडेवरून वाऱ्याच्या तोंडात धावायचं. पाय सुटले की माणूस पालथा, पक्ष्यासारखा. पहिल्या दिवशी हे खाली उतरले तेव्हा रडत होते. लग्नानंतर मी त्यांना रडताना प्रथमच पाहिलं. आईसाठी नाही, कुणासाठी नाही, त्या पंखासाठी.

तेव्हापासून पंखाचं नाक मीच धरते. सौम्या पोटात होती तेव्हाही धरलं. समोर उभं राहून पुढच्या तारा धरायच्या, ह्यांनी कडी अडकवून आडवं लटकून दाखवायचं, मी पट्टा नीट ताणलाय ते बघायचं. मग धावायच्या आधी मी विचारायचं, "अडकवलें का?" आणि ह्यांनी म्हणायचं, "अडकवलें." त्यावाचून मी तारा सोडल्या नाहीत, कधीच नाही. मंगळसूत्रापेक्षा आमचं लग्न त्या कडीवर जास्त लटकलंय, असं हे पाहुण्यांना सांगायचे. मला राग यायचा. आता कुणी सांगितलं तर ऐकेन.

२ मार्च, शनिवार

पंख हॉलमध्ये काढून ठेवलाय. सोफा व्हरांड्यात. कामवाली महालक्ष्मी दारातूनच परत गेली, म्हणाली झाडू कुठून मारू, आकाशातून?

हे सकाळपासून एकेक तार बोटांनी तपासताहेत. डोळे मिटून. कुठली नळी कधी बदलली, कुणाच्या हातून वाकली, सगळं आठवतं. दुपारी मला "गोदा, पाणी दे" म्हणाले. गोदा त्यांची बहीण, जाऊन किती वर्षं झाली. मी पाणी दिलं. ह्यांना गोदावन्संच्या हातचं सगळं आवडायचं. त्यांच्या नावानं पाणी दिलं तर काय बिघडलं.

एक विचार वारंवार येतो. हात विसरत नाहीत, नुसतं डोकं विसरतं. तसं असेल तर एक दिवस निभेल. एकच तर दिवस. टेकडीवरून सुटायचं, समुद्राच्या वाऱ्यावर थोडा वेळ रेंगाळायचं, खालच्या शेतात उतरायचं. मग मी स्वतः हा पंख बांधून टाकीन.

बरोबर करतेय ना मी? सिस्टर असत्या तर काय म्हणाल्या असत्या, तेही ठाऊक आहे.

९ मार्च, शनिवार

उद्या. दहीभात, ताकातल्या मोर-मिरच्या, फ्लास्क, दोन टोप्या, ह्यांच्या गोळ्या. जुन्या तांबड्या सुती साडीची पट्टी फाडून घेतली. टेकडीच्या कडेला बांबूवर दर वर्षी माझ्याच साडीची पट्टी असते, वारा बघायला. शार्दूल म्हणतो, बाजारात पिशव्या मिळतात वाऱ्याच्या. हे म्हणतात, पिशवी खोटें बोलते, भवानीची साडी बोलत नाहीं.

१० मार्च, रविवार

सगळं आजच लिहून टाकते. नाहीतर लिहिणारच नाही.

पहाटे निघालो. चेंगलपट्टूच्या अलीकडची ती टेकडी, आमची. पूर्वेला उतार, खाली ताडाची झाडं, तळी, रेल्वेची रेघ आणि सगळ्याच्या पलीकडे समुद्र, काजळाच्या बोटासारखा. दुपार व्हायच्या आत तिकडून वारा येतो, उतारावर आपटून वर चढतो, आणि त्याच्यावर पंख तरंगतात. रोज येतो. मार्चात तर न चुकता.

आज आला नाही.

सकाळभर वारा मागून, जमिनीकडून. तांबडी पट्टी समुद्राकडे बोट दाखवत राहिली. मागचा वारा असला की धावता येत नाही, पंख उचलतच नाही. बंगळूरची मुलं, पुण्याची मुलं, केरळची दोघं, सगळे आपापले पंख नाकावर टेकवून बसले. कर्ण्यावरून दर थोड्या वेळानं आवाज, "पायलट्स, वेटिंग, वेटिंग." नऊला नाश्ता. दहाच्या सुमाराला पट्टी एकदम खाली पडली, मग किंचित आमच्याकडे वळली. धावपळ! ह्यांनी झगा चढवला, कडी अडकवली, मी नाक धरलं, हे आडवे लटकले. पट्टा ताठ. अगदी व्यवस्थित. सगळं पूर्वीसारखं. मी मनात देवीला हात जोडले.

पट्टी पुन्हा फिरली, समुद्राकडे. पुन्हा "वेटिंग."

ऊन असं की खडकावर पोळ्या भाजाव्यात. हे कडी सोडवून, झगा अर्धा उतरवून ताडपत्रीच्या सावलीत येऊन बसले. दहीभात खाल्ला. मुलं पत्ते खेळायला लागली. बंगळूरचा एकजण चिडून म्हणाला, घरी गेलो असतो तर बायको तरी खूश झाली असती. शार्दूल ह्या पंखापासून त्या पंखापर्यंत फेऱ्या मारत होता, चेहरा पडलेला. बिचाऱ्याची पहिली स्पर्धा.

"सर, येईल का हो?"

ह्यांनी वर पाहिलं नाही. वाळक्या गवताची काडी चघळत होते. "तळ्याच्या पलीकडची घार बघ. ती वर चढूं लागली कीं थोड्या वेळानें. घाई करूं नकोस."

बारा, एक, दोन. एकदा ह्यांनी विचारलं, आपण कोठें आलों. मी म्हटलं, टेकडीवर. "आमा, आमा, हो," म्हणाले, "वारा यायचाय." मी त्यांच्या टोपीची कड ओली केली. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, चला घरी. सांगितलं नाही. इतका वेळ थांबलेल्या माणसाला कसं सांगायचं?

मग घार चढली. साडेतीन झाले असतील. पट्टी लोंबली, थरथरली, आणि हळूच आमच्याकडे वळून ताठ झाली. थंड, ओला, मिठाचा वास असलेला वारा. टेकडीवर सगळे एकदम उभे राहिले, टाळ्या. शार्दूलनं कर्ण्यावरून जाहीर केलं, वेळ थोडा आहे, झटपट सुटायचं, सर्वांत आधी आपले राव सर. मुलं ओरडली, "राव सार! राव सार, रेडी-आ?" सगळ्यांचे फोन वर.

हे उठले ते पंचविशीतल्यासारखे. झगा ओढला, बक्कल लावली, पंखाखाली गेले, दांडी खांद्यावर घेतली. मी पळत जाऊन नाकाच्या तारा धरल्या. लटकून दाखवायचं राहिलं. सकाळी झालंच होतं, असं डोक्यात असावं. त्यांच्याही आणि माझ्याही. मागे बाकीचे रांगेत, शार्दूल हात वर करून उभा.

ह्यांचा चेहरा समोर. स्वच्छ. माझ्या ओळखीचा, पूर्णपणे माझ्या ओळखीचा चेहरा. कितीक दिवसांत तो असा दिसला नव्हता.

"अडकवलें का?"

"अडकवलें."

आणि त्यांच्या पाठीमागे, पंखाच्या मधोमध, पट्टा रिकामा लोंबत होता. त्या सुंदर वाऱ्यात हलत होता.

ह्यांनी धाव घेतली असती, पंख उचलला असता, आणि हे दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळत वर गेले असते. किती वेळ धरवतं ते ह्यांनीच मला शिकवलंय.

कुठल्याही दुसऱ्या माणसाला मी ओरडून सांगितलं असतं, अरे, कडी लाव! उडणारी चांगली चांगली माणसं ही चूक करतात. मध्ये वाट बघायची पाळी आली, कडी सोडली, पुन्हा लावायची राहिली. लावायची आणि सुटायचं, लाज कसली? पण हे 'अडकवलें' म्हणाले ना, त्यात जराही शंका नव्हती. मला एकदम दिसलं की कडी लावून दिली तरी वर गेल्यावर हे तिथं एकटे. तिथं मी नाही. तिथं कुणी विचारणार नाही, आपण कोठें आलों.

फोन वर धरलेले. कर्णा चालू. सगळी टेकडी ह्यांच्याकडे बघतेय. 'तुम्ही विसरलांत' हे शब्द मी तिथं कसे उच्चारू?

मी म्हटलं, "वारा फिरला."

शार्दूल पुढे आला. "काकू, अहो, नाही, वारा तर एकदम..."

ह्यांनी मान वळवून पट्टीकडे पाहिलं. पट्टी आमच्याकडे ताठ, इस्त्री केल्यासारखी. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, त्याहून जास्त वेळ.

"भवानी फिरला म्हणते, तर फिरला," शार्दूलला म्हणाले. "आमा. फिरला. मी नाहीं सुटत."

पंख खाली टेकवला. बाहेर येताना सवयीनं एक हात पाठीमागे कडीपाशी गेला, तिथं जरा थांबला. कडी मोकळीच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, देवीची कृपा. मग सावकाश रांगेतून बाजूला झाले आणि मागच्या मुलाला हातानं खूण केली, तू जा.

तो धावला आणि अलगद वर. पाठोपाठ दुसरा, तिसरा. संध्याकाळपर्यंत सगळं आकाश रंगीत. हे खडकावर बसून बघत होते. मी म्हटलं, मघाशी फिरला होता, आता परत आला वाटतें. म्हणाले, "हो. असें होतें कधीं कधीं. नशीबवान पोरें."

मी तोंड फिरवून फ्लास्क शोधत बसले. इतका ढळढळीत वारा समोर, इतके पंख समोर, आणि ह्यांना काहीच कळलं नाही. नावं गेली, रस्ते गेले, मला वाटत होतं वारा तरी राहील. तोही गेला.

येताना गाडीत वाऱ्याला खूप शिव्या दिल्या, मोठमोठ्यानं, "दिवसभर तंगवलें आणि ऐन वेळेस फसवलें, असला वारा जन्मांत पाहिला नाहीं." एरवी शिवी देत नाहीत. माझा हात गिअरवर होता, त्याच्यावर त्यांनी आपला हात ठेवला आणि तांबरमपर्यंत काढला नाही. गिअर बदलताना दोघांचे हात बरोबर हलत होते.

खोटं बोललं की सिस्टर पानभर लिहायला लावायच्या. हे पान त्याचंच समजावं.

११ मार्च, सोमवार

सौम्याला कळवलं, वारा बरोबर नव्हता, उडाले नाहीत. "थँक गॉड," म्हणाली, आणि मग फोनवर रडली. मला वाटत होतं ती नुसती रागावलेली आहे.

१३ मार्च, बुधवार

ह्यांनी काल स्वतःहून शार्दूलला फोन केला. (नाव आठवलं नाही, "पुण्याचा पोरगा" असं सांगून माझ्याकडून लावून घेतला.) आज कामावरून सुटल्यावर तो आला तर ह्यांनी पंख बांधून दारात उभा करून ठेवलेला. "ने. तुझ्या नवख्यांना शिकवायला ठेव."

"सर, पुढच्या वर्षी तुम्हीच..."

"ने म्हटलें ना."

मी स्वयंपाकघरात काफी करत होते, तिथून ऐकलं. हे त्याला सांगत होते, "एक ध्यानांत ठेव. कडी लावली का हें उडणाऱ्याला नुसतें पुसूं नये. तोंड सवयीनें हो म्हणतें. समोर उभा असेल त्यानें डोळ्यांनीं बघावें. आणि समोर कोण उभें करायचें तें नीट निवडावें."

हे शिकवायला बसले की असंच, जुनेच धडे. मी पेले घेऊन बाहेर आले तर त्याचे डोळे भरलेले. पंख जायचा म्हणून वाईट वाटलं असेल. जाताना मला वाकून नमस्कार केला. आतापर्यंत कधी करत नव्हता.

पंख गाडीच्या टपावर बांधताना हे फाटकापाशी आले नाहीत. हॉलमध्ये, पंख होता त्या जागी उभे होते. मी सोफा आत आणायला हाक मारली तेव्हा म्हणाले, थोड्या वेळानें. तेवढी जागा मोकळी राहूं दे.

कडी मात्र दिली नाही. झग्यावरून काढून घेतली, दाराजवळ किल्ल्यांच्या खिळ्याला लावली.

१९ मार्च, मंगळवार

नोंद फोनमध्ये केलीच आहे. इथंही. आज हे दूध आणायला गेले आणि रेल्वेफाटकापलीकडे सापडले. फुलवालीनं बसवून ठेवलं होतं. तिला माझं नाव सांगत होते, आपलं सांगता येत नव्हतं.

२४ मार्च, रविवार

उकाडा. पान हलत नाही.

गच्चीवर वाळवण घालत होते. हे खुर्चीत. एकाएकी म्हणाले, "चादरीवर दगड ठेव, उडेल. आला."

काही नव्हतं. एक झुळूक नव्हती. मी त्यांच्या समाधानासाठी दगड ठेवले. चौथा दगड ठेवते तोच समुद्राकडून वारा आला आणि चादरीचा कोपरा फडफडला. योगायोग. हे हसले, त्यांना वाटलं आपण ओळखलं. मीही हसले. तेवढं त्यांचं त्यांना राहू द्यावं.

एक नवीन सवय लागलीय. बाहेर पडायच्या आधी, नुसतं कोपऱ्यावरच्या पिळ्ळयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात जायचं असलं तरी, खिळ्यावरच्या त्या कडीपाशी येऊन माझ्यासमोर उभे राहतात. हात थोडे बाजूला. मी बटणं बघते, चपला बघते, खिशात पत्त्याची चिठ्ठी आहे ना बघते.

आज मी गमतीनं विचारलं, "अडकवलें का?"

पूर्वी लगेच उत्तर यायचं. आज कडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तूंच बघ."

मी कॉलर सरळ केली. ह्यांनी माझं मनगट धरलं. "भवानी, त्या दिवशीं तूं वारा बघितलास. फार बरें केलेंस."

अजून त्यांचा विश्वास आहे की वारा फिरला होता. त्या दिवशीचं खरं मी त्यांना कधीच सांगणार नाही. कळलं तर फार लागेल त्यांना.